राजलक्ष्मीअक्कांचं 'कशाला'

इंदिरानगरात पडदे शिवून देणाऱ्या राजलक्ष्मीअक्कांना कुणी सल्ला दिला, तर त्या तो नीट ऐकून घेत, वर कॉफी पाजत आणि मग स्वतःच्या मनाला येईल तेच करत. त्यामुळे भाचा अभिराज त्यांना धंदेवाल्यांच्या शिबिराला घेऊन गेला, तेव्हा घरच्यांना त्याची कीवच आली. पण अक्का परतल्या त्या पार बदलून! शिबिरातल्या गुरूनं कन्नडात सांगितलं होतं, धंदा वाढवायचा तर मालकानं हुकूम सोडायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. समोरच्याला आधी 'याके?', म्हणजे का. मग 'कुणासाठी?' आणि शेवटी स्वतःला विचारायचं, 'मला कशाची भीती वाटते?'

दुसऱ्याच दिवशी शहरातल्याच बेळ्ळंदूर भागातलं एक गिऱ्हाईक नव्या फ्लॅटसाठी घरभर पडदे मागायला आलं.

"याके?" अक्कांनी विचारलं.

बिचारा गडबडला. पडदे का लावायचे, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बोलता बोलता निघालं की ऊन फक्त पश्चिमेच्या खिडकीतून येतं आणि बाकीचे पडदे सासूबाई म्हणाल्या म्हणून. अक्कांनी त्याला एकाच खिडकीचा पडदा विकला. दुकानातल्यांनी कपाळाला हात लावला. पण त्या गड्यानं अपार्टमेंटभर सांगितलं की इंदिरानगरात एक बाई खरं बोलते, आणि तिकडून गिऱ्हाइकांची रांगच लागली. पडदे बसवणाऱ्या मंजुनाथला अक्कांनी 'उशीर याके?' विचारलं, तर त्यानं रिंगरोडच्या ट्रॅफिकवर असं काही भाषण ठोकलं, की त्यातून बेळ्ळंदूरची सगळी कामं एकाच दिवशी उरकायची युक्ती निघाली. अक्कांना आभाळ ठेंगणं झालं.

राहिली वीणा. वीणा निपाणीची. मापं घेण्यापासून रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढण्यापर्यंत दुकान तीच ओढायची. तिच्याशी मात्र अक्का मराठीत बोलत. दुकानात मराठी बोलायला दुसरं होतं कोण?

एका सकाळी वीणा धावतच आली. "अक्का, बेळ्ळंदूरला आपलं दुसरं दुकान काढूया? मी गाळासुद्धा बघून ठेवलाय!"

अक्कांनी मायेनं तिच्याकडे पाहिलं, गुरूचा प्रश्न मराठीत आणला आणि म्हणाल्या, "कशाला?"

वीणाचा चेहरा खर्रकन उतरला. "सरी, अक्का," असं कन्नडात 'बरं' म्हणून ती मुकाट्यानं आत गेली. अक्का खूश. पोरगी विचार करायला गेली!

अहो, कशाला म्हटल्यावर मराठी माणूस विचार करतो होय? चहा घेणार? कशाला! झालं, कप परत आत. पण अक्कांच्या घराण्याचं मराठी कैक पिढ्या कन्नडाच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. त्यांच्या ते गावीही नव्हतं. दोन दिवसांनी वीणा दबकत म्हणाली, "निदान एकदा बघायला तरी चला."

"कशाला?" अक्का हसून म्हणाल्या. आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून पुढे जोडलं, "कुणासाठी गं?"

झालं! वीणाला तो टोमणाच वाटला. जखमेवर मीठच चोळलं म्हणायचं.

महिना सरता सरता मंजुनाथनं बातमी आणली, की वीणानं दुसऱ्या दुकानात नोकरी धरली. अक्कांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी तिला समोर बसवलं.

"मला सोडून चाललीस?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी? अगं, मी तर प्रश्न विचारत होते!"

"कशाला म्हणालात की! सतरांदा म्हणालात. विचारायचंच होतं तर 'का गं' म्हणायचं!"

वीणाला रडावं की हसावं कळेना. मग हसूच फुटलं, आणि अक्काही तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागल्या. इथंच मिटायला हरकत नव्हती. पण वीणा अशी सोडणारी नव्हे.

"मग आता सरळ सांगा. काढायचं का दुकान?"

अक्कांचं हसू थांबलं. जिभेवर पुन्हा नकारच आला होता, आणि या खेपेला तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला. म्हणजे पोरीनं चुकीचं ऐकलंच नव्हतं! दुसऱ्यांना प्रश्न विचारताना अक्कांना मोठी मजा वाटली होती. स्वतःला विचारायचा प्रश्न तेवढा त्यांनी सोयीस्करपणे गिळला होता. त्यांना भीती वाटत होती.

"वीणा," त्या हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाईक आत आलं की आधी तुलाच शोधतं. तू तिकडे गेलीस, की इथं मला कोण विचारणार गं?"

वीणानं स्टूल पुढे ओढलं. "मी विचारणार. उठल्यासुटल्या फोन करून विचारणार. तुम्ही कंटाळाल."

"बघ हं."

"बघा तर! आणि पाटीवर नाव तुमचंच घालूया."

"काही नको!" अक्का ठसक्यात म्हणाल्या. "राजलक्ष्मी म्हणजे चार अक्षरं, त्यात जोडाक्षर. जाणाऱ्या गाडीतून कुणाला वाचता येणार? तुझी दोनच आहेत. तेच घाल, चांगलं मोठं दिसेल."