पूजेआधीची गोळी

सासूबाई पुण्याहून न्यूझीलंडला, आमच्या टौरंगा गावी आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत देवाची वस्त्रं, समया आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. एक माझ्यासाठी, एक नातीसाठी. आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गुरुजी ऑकलंडहून गाडी चालवत येणार होते, त्यांचा तो एकच शनिवार मोकळा होता. तारीख हलणार नव्हती, म्हणजे हलायचं ते आम्ही दोघींनीच.

माझ्या गोळीचं मला काही वाटलं नाही. माझ्या लग्नात घेतली, नणंदेच्या लग्नात घेतली, गौरी-गणपतीत तर कितीदा. ती नेमकं काय करते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत शास्त्राच्या बाईंनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता. घरी वाचायला घेतला तर आईने पोळ्या लाटायला बोलावलं. सासूबाईंच्या वाट्याला धडाही आला नव्हता. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आपण आता मरणार असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

मुलगी तेरा वर्षांची. तिच्या शाळेत मुलगे-मुली एकत्र बसून हे सगळं शिकतात, नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न विचारतात. शिकवण्याआधी शाळेने पालकांना बोलावून मत विचारलं होतं. आम्ही मराठी पालक एका रांगेत बसलो, सगळ्याला माना डोलावल्या आणि नंतर पार्किंगमध्ये कुडकुडत तासभर बोललो. अमेरिकेतली माझी मावसबहीण सांगते, तिकडे पालक मीटिंगमध्येच भांडतात. एका निवडणुकीनंतर शाळेत सगळं शिकवायचं ठरतं, पुढच्या निवडणुकीनंतर ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगायचं ठरतं. मला त्या भांडणाऱ्यांचा हेवा वाटला. निदान तोंड तरी उघडतात.

सासूबाईंनी सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या टेबलावर ठेवल्या. नव्या घरात किचन, हॉल, जेवणाचं टेबल सगळं एकाच मोठ्या खोलीत. घेताना मला फार आवडलं होतं. आता कुठे आडोसाच नव्हता. समोर नवरा हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता.

“व्हॉट इज धिस फॉर?” मुलीने मला विचारलं.

सासूबाईंनीही माझ्याकडेच पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, नातीला मराठी कळतं पण ती तुटक, इंग्रजी मिसळूनच बोलते. त्यामुळे दोघींचं प्रत्येक वाक्य माझ्यातून जातं.

“पूजेत अडचण नको म्हणून,” मी म्हटलं.

“कसली अडचण?”

“पाळी.”

नवरा स्क्रीनच्या आणखी जवळ सरकला.

“बट आय’म नॉट सिक, आई. मग मेडिसिन का घ्यायचं?” ती अगदी शांतपणे म्हणाली. वर्गात उत्तर द्यावं तशी.

“काय म्हणतेय?” सासूबाईंनी विचारलं.

“नको म्हणतेय.”

“मग त्या दिवशी अडचण आली तर तिला खोलीत बसव. देवाचं काम आहे, एवढी माणसं येणार. तूच समजाव तिला.”

मला दोघींचा राग आला. मुलीचं सगळं खरं होतं, आणि सासूबाई तरी दुष्टपणाने थोड्याच बोलत होत्या? त्यांना जे मिळालं तेच त्या पुढे देत होत्या. मधे मी. विषय संपावा म्हणून मी माझी गोळी उचलली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

मुलगी बघत होती. “तू का घेतलीस?”

“मोठ्यांचं वेगळं असतं.”

“तुला कोणी विचारलं होतं? एव्हर?”

तिने माझ्यापुढे हात पसरला.

“मग माझी पण दे,” ती म्हणाली. “तू एकटी नको घेऊस.”

एवढं सलग मराठी ती कधी बोलत नाही. तिची गोळी मी टेबलावरून उचलून मुठीत घट्ट धरली. कचऱ्यात टाकायची हिंमत झाली नाही.

“आई,” मी सासूबाईंना म्हटलं, “ही पूजेला हॉलमध्येच बसेल. अडचण असो, नसो. हिला खोलीत बसवणार असाल तर मीही खोलीत बसते. मग तुमच्या मुलाच्या शेजारी पूजेला कोण बसणार ते बघा.”

नवऱ्याने हेडफोन काढले आणि पुन्हा लावले. सासूबाई उठून सिंकपाशी गेल्या. धुतलेलेच कप त्यांनी पुन्हा विसळले.

“बरं,” पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. “पण तू तरी घेत राहा.”

मी घेत राहिले.