चौथ्या आठवड्यातली खुरटी रोपं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. संख्याशास्त्राच्या सरांनी काम दिलं होतं. वाढणाऱ्या रोपांची उंची दर आठवड्याला मोजायची, प्रत्येक मोजणीचा आलेख पुठ्ठ्यात कापायचा आणि ते सारे फळीवर एकामागे एक उभे करायचे. समोरून पाहिलं की कोणत्या उंचीची किती रोपं ते दिसावं, बाजूने पाहिलं की आठवडे सरकताना दिसावेत. सर्वांत चांगला नमुना स्नेहसंमेलनात ठेवणार होते. तो माझा असावा, एवढंच मला हवं होतं.

दर रविवारी मी अकोल्याहून एसटीने शेलूबाजारला उतरायचो, पायी गावी जायचो आणि वावरातल्या ज्वारीच्या दोन ओळी मोजायचो. खोलीतला माझा जोडीदार वकिलाचा मुलगा. त्याला शेत नव्हतं. त्याने आकडे मागितले आणि मला नाही म्हणता आलं नाही. माझ्याच आकड्यांचे आलेख त्याने पातळ लाकडात कापले, रंगवले. ते ताठ उभे राहिले. माझे पुठ्ठे खळीने ओले होऊन वाकले. त्याचा नमुना टेबलावर असे, म्हणून मी टेबलाकडे पाठ करून वाचायचो.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. चौथ्या रविवारी गेलो तर त्या दोन ओळींतली खुरटी रोपं नाहीशी झालेली. वडिलांनी उपटली होती. ते म्हणाले, "आपलं वावर कालेजात जाऊन राह्यलं, तं खुरटं काहून दाखवाचं? लोकं मले काय म्हन्तीन?"

सरांनी आमचे नमुने शेजारी ठेवले. लाकडी आलेखांवरून बोट मागे नेताना ते चौथ्यापाशी थांबले. ही लहान रोपं एका आठवड्यात गेली कुठे, असं त्यांनी विचारलं. आता जोडीदाराची फजिती होणार, म्हणून मी मनात सुखावलो.

तो म्हणाला, "मला ठाऊक नाही, सर. शेत याचं आहे. आकडेही याचेच."

मग मला सांगावं लागलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. हे आकड्यांबरोबरच लिहायला हवं होतं, म्हणाले. त्यांनी लाकडी नमुना निवडला आणि चौथ्या आलेखाखाली खुलाशाची चिठ्ठी लावायला मला सांगितलं.

संमेलनात मी त्याच्या नमुन्याजवळ उभा होतो. वडिलांना संमेलनाचं मी कळवलंच नव्हतं. जोडीदार येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून सांगायचा, शेत याचं. 'मला ठाऊक नाही' हे चारचौघांत इतक्या सहज म्हणणं मला अजून जमलेलं नाही. त्या लाकडाचा हेवा केव्हाच विरला. या सहजपणाचा अजून वाटतो.