थॅलियमच्या सकाळचा चहा

माझ्या मेहुण्याइतका नीच माणूस चंबळच्या दोन्ही काठांना सापडणार नाही, आणि तिथे शोधणाऱ्या पोलिसांनी काही कमी शोध घेतलेला नाही.

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून मी भाजीची पिशवी घेऊन येत असताना कोणीतरी किल्ल्यावरची तोफ उचलून माझ्या छातीवर ठेवली. घरात पहिला सल्ला त्याचाच. "जिजाजी, सरळ अँजिओग्राफी करा. मनगटातून तार घातली की किस्सा खतम."

"आधी तुझ्या नरड्यातून घालतो," मी म्हणालो. तार मला नको होती. त्याहून नको होतं ते त्याचं बरोबर ठरणं.

म्हणून आधी हृदयाचा सीटी स्कॅन केला. औषध नसेत शिरलं तसा ग्वाल्हेरचा अख्खा मे महिना माझ्या अंगात ओतला गेला. एक नळी अरुंद निघाली. डॉक्टर म्हणाले, "सीटीत नळी दिसते. तिच्यापुढे हृदयाला रक्त पुरतंय का, ते दिसत नाही. त्यासाठी स्ट्रेस थॅलियम करू. पुरत असेल तर गोळ्यांवर भागेल." माझे गुडघे मशिनीच्या फिरत्या पट्ट्यावर पळण्यातले नव्हते, म्हणून हृदयाला ताण इंजेक्शननं द्यायचा. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, नाहीतर इंजेक्शनचा असर होत नाही.

तपासणीच्या सकाळी मेहुणा गाडी घेऊन हजर. माझ्यासमोर बसून डाळ भरलेली गरम बेडई पुरी खाल्ली, वर चहा असा भुरकला की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. "एक कप चहानं एवढी मोठी मशीन बंद पडते? घाबरलात, जिजाजी."

मी घाबरलो? त्याच्या हातातली किटली हिसकावली आणि दोन कप उभ्या उभ्या रिचवले.

तपासणीच्या खोलीत नर्सनं विचारलं, "चाय तो नहीं पी?" मी तोंड उघडायच्या आत मेहुणा दारातून गरजला, "दो कप! मेरे सामने!"

तपासणी रद्द. परतताना गाडीत तो शीळ घालत होता.

पुढच्या खेपेला बायकोबरोबर गेलो, चहाच्या टपऱ्यांकडे पाठ करून. इंजेक्शननंतरच्या फोटोत हृदयाचा एक कोपरा विझलेला. आरामाच्या फोटोत तोच कोपरा उजळलेला. म्हणजे ताण आला की तिथे रक्त कमी पडतंय. मग मनगटातून तार गेलीच. शेजारच्या पडद्यावर ती चिमटलेली नळी मी जागेपणी, माझ्या डोळ्यांनी पाहिली. स्टेंट बसला.

घरी आलो तर मेहुणा माझ्याच खुर्चीत. "इतक्या मशिनी फिरून शेवटी तारच ना? मी काय म्हणालो होतो?"

छातीवरची तोफ उतरली होती. ओरडलो असतो तर बिर्ला नगरापर्यंत खिडक्या हादरल्या असत्या. पण ओरडलो नाही. स्वयंपाकघरात आधण ठेवल्याचा आवाज आला, तिकडे तोंड करून बायकोला म्हणालो, "अगं, याला चहा देऊ नकोस. उद्या याची तपासणी आहे."