फोन कोणाचो?

"फोन कोणाचो?" पेशंटचं नाव विचारायच्या आधी परब सिस्टर हे विचारायच्या. जोगेश्वरीतल्या आमच्या रुग्णालयात पोर्टल नवीन आलं होतं. रिपोर्ट फोनवर दिसणार, पिशवीभर कागद घेऊन हिंडायला नको. लोकांची खाती उघडून द्यायला मला टेबल मिळालं होतं. मला वाटायचं, सिस्टर ओटीपीसाठी विचारतात.

बायका बिचकायच्या. सिस्टर त्यांच्या शेजारी बसायच्या. "गो बाय, तुझ्या रक्तात काय आसा ता डॉक्टराक म्हायत, लॅबवाल्याक म्हायत. तुका नको?" बाई हसून पदराखालून फोन काढायची.

मी मात्र हुशार. ज्यांच्याकडे फोन नसे, त्यांच्या खात्यावर सरळ माझा नंबर टाकायचो. रांग झरझर सरके. साहेबांनी पाठही थोपटली.

एक दिवस माझ्या फोनवर एका पेशंटच्या रिपोर्टचा मेसेज वाजला आणि मी टेबलावरूनच हाक मारली, "सावंतमावशी, रिपोर्ट आला. टीबी आहे, पण घाबरू नका, गोळ्यांनी जातो." मी आपला धीर देत होतो. शेजारची बाई दोन खुर्च्या पलीकडे सरकली. ती मावशींच्याच चाळीतली. मावशी घरोघरी पोळ्या करायच्या. आठवड्यात त्यांची दोन घरं सुटली.

सिस्टर ओरडल्या नाहीत. "मेल्या, तू वाईट नाय. तुझा तोंड वाईट." मग रोज ड्यूटी संपली की मला घेऊन निघायच्या. माझा नंबर टाकलेल्या पेशंटची एकवीस घरं हिंडलो. प्रत्येकाला विचारलं, तुमचा रिपोर्ट कोणी वाचलेला चालेल? कोणी लेक सांगितली, कोणी शेजारीण. एका आजोबांनी बायकोचं नाव घेतलं आणि सुनेचं नको म्हणून दोनदा बजावलं. मावशींच्या सुटलेल्या दोन्ही घरी सिस्टर एकट्याच गेल्या. एक घर परत मिळालं, दुसरं नाही.

दोन वर्षांनी सिस्टरच माझ्या टेबलासमोर पेशंट म्हणून बसल्या.

"खाता उघड. नंबर तुझो टाक."

"सिस्टर, फोन कोणाचो?" मी चेष्टेत विचारलं.

"माझो फोन लेकीच्या हातात असता. तिका आठवो महिनो. बाळ येऊ दे, मगे मीच तिका सांगान."

"अख्ख्या मुंबईत माझंच तोंड दिसलं तुम्हाला?"

"तू परत नाय चुकूचस."

रिपोर्ट आला. पोटातली गाठ साधी नव्हती. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. पुढे पाच आठवडे लेक भेटली की विचारायची, "दादा, आई अशी का दिसते हो?" मी म्हणायचो, "ऊन किती आहे बघ ना."

नात झाली. तिला मांडीवर घेऊन सिस्टरनी लेकीला स्वतः सांगितलं. पुढे वर्षभर त्या होत्या. मला आधीपासून माहीत होतं हे कळल्यावर लेक माझ्याशी बोलायची बंद झाली. त्या गेल्या तेव्हाही बोलली नाही.

परवा ती मुलीचं खातं उघडायला आली. मी फॉर्म पुढे ओढला.

"फोन कोणाचा?"

"माझाच." मग फॉर्म भरून परत देत म्हणाली, "आईचं खातं मात्र तुमच्याच नंबरवर राहू दे, दादा."