नीलाचा डावा पाय

नीलाच्या पायाला भिंगरी होती, असं तिच्या सासरी सगळे म्हणत, आणि त्यात कुणी अतिशयोक्ती करत नसे. वडील केंद्र सरकारात, त्यामुळे बालपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. लग्नानंतर नवरा सूर्यकांतबरोबर ती गुडगावला आली, तेव्हा तिथे टॉवर कमी आणि खड्डे जास्त होते. मग टॉवर वाढत गेले आणि नीला घरं बदलत गेली. एकात ऊन येत नाही, दुसऱ्याची लिफ्ट बंद पडते. कारण काहीही चाले. मानेसरच्या कारखान्यांत नोकऱ्याही तशाच बदलल्या. सध्या ती ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीची मॅनेजर होती आणि एका ढिल्या स्क्रूपायी अख्खा लॉट परत पाठवायची.

तिचा जीव खरा शांत व्हायचा तो फक्त सायकलवर. रविवारी पहाटे ती फरिदाबादच्या रस्त्याला लागली, की आठवडाभर डोक्यात चाललेली गिरणी बंद पडे. पुढे तिने बूट अडकवायची पेडलं घेतली. या बुटाच्या तळव्याला लोखंडी पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. म्हणजे, सुटायला हवी. दिल्लीकडची धूळ पेडलच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसली, त्यांची करकर सुरू झाली, पण कारखान्यात डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या या बाईने स्वतःची पेडलं काही उघडून पाहिली नाहीत. साखळी दिसते म्हणून ती पुसायची, एवढंच. एका सिग्नलला पाय सुटला नाही, आणि नीला उभी होती तशीच आडवी झाली.

मनगट मोडलं. मग सूर्यकांतने तिला वरणभात भरवला, केस विंचरले, वेणीसुद्धा घातली, वाकडी का होईना. एकदा वेणी अर्धी सोडून तो तिच्यासमोर येऊन बसला. "मागे ट्रक असता तर?" तो म्हणाला. तेव्हा नीलानेच, कुणी न मागता, शब्द दिला. परत पाय अडकला, तर ही पेडलं काढून टाकीन.

हात बरा झाल्यावर तिने पेडलं धुतली, तेल दिलं, स्प्रिंग सैल केली. बूट मात्र उलटा करून पाहिला नाही.

नंतरच्या एका रविवारी ती सोसायटीत परतली. गार्डने गेटचा आडवा दांडा वर केला, "नमस्ते मॅडम" म्हणाला. मधल्या बागेच्या बाकावर सूर्यकांत चहाचा थर्मास घेऊन बसला होता. नीलाने सवयीने डावी टाच बाहेर वळवली. टाच छान वळली, पण बूट सुटला नाही. पुन्हा वळवली. बूट पेडलवर नुसता गरगर फिरत होता. तिला तत्क्षणी कळलं: पट्टीच्या दोन स्क्रूंपैकी एक वाटेत कुठेतरी पडला होता, आणि उरलेल्या एकाभोवती नुसता बूट फिरत होता, पट्टी पेडलमध्येच घट्ट होती.

उजवा पाय सुटत होता. तो टेकून थांबणं काही अवघड नव्हतं. पण मग डावा पाय पेडलला जखडलेला सूर्यकांतला दिसला असता, आणि शब्दाप्रमाणे पेडलं काढावी लागली असती. आज पेडलं गेली की उद्या सायकल, आणि तिचे रविवार संपले.

"एक राउंड मारून येते," ती ओरडली आणि बागेला वळसा घातला.

एकाचे दोन झाले, दोनाचे किती झाले कोण जाणे. दर वळणावर ती टाच हिसडत होती. एकदा वाकून बुटाचा पट्टा काढायला गेली, तर सायकल कुंड्यांवरच चालली होती. पाणी संपलं होतं, मांड्या भरून आल्या होत्या. एकदा तर तशीच गेटबाहेर पळावं असं मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. बाकावरून उठून हा माणूस वर का जात नाही, म्हणून त्याचा रागही आला. थर्मास तसाच बंद होता.

शेवटी दम संपला. तिने बाकाजवळ ब्रेक दाबला आणि उजवा पाय टेकला. काही बोलायच्या आत सूर्यकांत उठला, एका हाताने सीट धरली, खाली बसून तिच्या डाव्या बुटाचा पट्टा उघडला. मोज्यातला पाय बाहेर आला. बूट पेडललाच लटकून राहिला.

"अडकला होता," नीला म्हणाली.

"दुसऱ्या राउंडलाच कळलं होतं मला. टाच बघत होतो."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तू थांबशील, सांगशील, असं वाटलं. किती वेळ फिरणार होतीस?"

"तू वर जाईपर्यंत."

तो परत बाकावर जाऊन बसला. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि नीलाला ते मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त दुखलं. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"मला बसवत नाही रे एका जागी," ती म्हणाली. "घरात असले की घालमेल होते. हे गेलं, तर मी काय करू?"

"कोण म्हणतंय जाऊ दे? सायकल चालव यार, पडलीस तर मी आहे. पण मी समोर बसलोय आणि तू मला बघून गोल गोल फिरतेस, हे मला झेपत नाही, नीला."

तिने मान खाली घातली. मग उठून, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशी, लंगडत वर गेली आणि पाना घेऊन आली. सूर्यकांतने राहू दे म्हटलं, पण शब्द दिला होता; ती पेडलं काढायला बसलीच. डावं पेडल उलट्या आट्याचं, म्हणजे उलटीकडे फिरवून सुटणारं, त्यातून गंजलेलं, हलेना. तेव्हा तिने त्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून पान्यावर जोर दिला.