इंदूकाकीची पडीक वेबसाइट

तारकर्लीला इंदूकाकीच्या अंगणात नवा पाहुणा उतरला, की पाण्याचा तांब्या पुढे करतानाच ती विचारायची, "आमचा पत्ता तुम्हाला कुणी दिला?" पाहुण्यांशी ती शाळेतलं मराठी बोलायची. कुणी मेहुण्याचं नाव सांगे, कुणी मालवणच्या रिक्षावाल्याचं. वेबसाइटचं नाव कधी कुणी घेतलं नाही, आणि तेच काकीला सलत होतं. "वेबसाइट आसा, पण थंयसून कोण येणा नाय. मगे ती कित्याक आसा?" असं म्हणत एक दिवस ती माझ्या घरी येऊन बसली. मी मालवणात घरूनच वेबसाइटची कामं करते, आणि काकी माझ्या आईची मैत्रीण.

ती साइट तिच्या पुतण्याने हौसेने करून दिली होती आणि मग तो परदेशी गेला. चिरेबंदी झालेल्या कंपाउंडला फोटोत अजून झावळ्यांचं कुंपण होतं. फोन नंबर बंद पडलेला होता. नकाशातली खूण तर थेट कर्ली नदीच्या पात्रात. शोधणाऱ्याला ही साइट सापडत नव्हती, आणि सापडली असती तरी तो नदीत उतरला असता.

काकीला घाई होती, त्याला कारण होतं. नवरा गेल्यापासून माडांच्या सावलीतल्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्यांवरच तिचं घर चालत होतं, आणि खोल्या रिकाम्या राहू लागल्या होत्या. धाकटे दीर काळजीपोटी म्हणाले, "वैनी, जागा रिसॉर्टवाल्यांका देवया. तुमचो त्रास तरी वाचात." काकी म्हणाली, "येत्या मे म्हयन्यापर्यंत थांबा, भावजी. मगे तुमी म्हणशात तसा."

मग ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून एकेक पान मोठ्याने वाचून घेऊ लागली. ‘समुद्र हाकेच्या अंतरावर’ या वाक्याशी तिने मला थांबवलं. "हाक मारून बघ. ऐकाक येता? नाय. वाळूतसून चलत जावचा लागता, तसाच लिव." साइट शोधाच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी देणाऱ्या एका माणसाचा फोन आला, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "पण पान उघडल्यावर पाहुण्याला काय दिसेल?" तो म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा." "मग आधी तेच बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

मी तिला समजावलं, की लोक जे विचारतात त्याचं नीट उत्तर ज्या पानावर असतं, ते पान शोधात वर यायची शक्यता जास्त. तेव्हापासून फोनवर कुणी काही विचारलं, की ती मला कळवायची. पावसात होडी चालते का? शाकाहारी जेवण मिळेल का? एकदा ती माझ्याकडे बसलेली असतानाच फोनवर कुणी विचारलं, "बाबांना पायऱ्या चढवत नाहीत, चालेल का?" काकी उठूनच उभी राहिली. सासूचं दुखणं तिने याच घरात वर्षानुवर्षं काढलं होतं. भिंतीला धरायच्या दांड्या, कमोड, चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार, सगळं अजून जागेवर होतं.

"ह्या लिव," ती म्हणाली. "आनि न्हाणयेचो फोटो घाल."

"काकी, न्हाणीचा फोटो कुणी घालतं का?"

"म्हाताऱ्या माणसाक पयली तीच बघूची आसता."

गुडघे दुखणाऱ्यांना समुद्रावर कसं आणावं, यावर एक अख्खं पान झालं. कोरड्या वाळूत पाय रुततात, ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, तेव्हा यावं, हेसुद्धा तिने लिहायला लावलं.

दिवाळी गेली, नाताळ गेला. काहीच हललं नाही. मी म्हटलं, "काकी, बहुतेक नाही जमणार." ती म्हणाली, "ता मे म्हयन्यात बघूया. आता खयचा पान उघडाक वेळ लागता, ता सांग." फोटो जड होते. मी ते सगळे हलके करून पुन्हा चढवले.

थंडी सरताना सांगलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांना समुद्र बघायचा होता आणि चालता येत नव्हतं. पत्ता कुणी दिला, हे काकीने विचारलंच. बाई म्हणाल्या, "नेटवर शोधलं. न्हाणीचा फोटो बघितला आणि लगेच फोन लावला."

ते आजोबा आले, तेव्हा काकीने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाण्यापर्यंत नेलं. खुर्चीची एक बाजू दिरांनी धरली होती. लाट पायांवरून गेली, तसे आजोबा हसायला लागले आणि बराच वेळ हसतच राहिले. त्यानंतर अशी माणसं येतच राहिली. मे महिन्यात दिरांनी दुसऱ्या खोलीलाही चिऱ्यांचा उतार बांधून दिला. रिसॉर्टचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या चतुर्थीआधी काकी थोड्याशा आजाराने गेली. दिवसकार्य आटोपल्यावर तिची मुलगी सुमन माझ्याकडे आली. जेवणाच्या पानावर ‘स्वयंपाक इंदूकाकी स्वतः करतात’ असं होतं. ते मला बदलवेना. सुमनने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, आईचं नाव काढून तिथे स्वतःचं लिहिलं आणि ते एकदा वाचून बघितलं. चहा घ्यायला ती थांबली नाही. पुण्याहून कुणाची तरी आजी यायची होती, आणि मासे अजून आणायचे होते.