डक्टमधून येणारं आमेन

देवाला इतक्या खणखणीत आवाजात कामाला लावणारा दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर कारखान्यात यंत्रांच्या गडगडाटात राबले आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून ते प्रार्थना करतात, त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी मनातल्या मनात. येरवड्यातल्या आमच्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टमध्ये, म्हणजे मधल्या उभ्या पोकळीत, उघडतात, त्यामुळे काकांच्या मनातलं तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

माणसापुढे हात पसरायचा नाही, जे हवं ते आकाशातल्या बापाकडे मागायचं, हा त्यांचा नेम. मागणंही मोघम नसतं. 'बापा, तू जाणतोस, गॅस संपलाय आणि हिला पेज करून द्यायचीय.' 'हिला' म्हणजे काकूंना. काकूंचं हृदय कमजोर, घरात दोघंच, आणि काकांच्या बहुतेक मागण्या काकूंसाठीच असायच्या. स्वतःसाठी त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही. समोरच्या खिडकीत चहा गाळता गाळता आमचे सेक्रेटरी पुटपुटायचे, "देवाचे कान शाबूत आहेत म्हणावं." पण त्या गॅसच्या दिवशी अर्ध्या तासात सेक्रेटरीच सिलिंडर घेऊन धापा टाकत वर गेले. म्हणाले, "आमच्याकडे जास्तीचा पडून होता."

"पडून नव्हता," काका शांतपणे म्हणाले. "ठेवलेला होता."

साठवणीचं मात्र त्यांना भारी वावडं. रानात देवाने इस्राएल लोकांना रोजच्या रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न दिलं आणि उद्यासाठी ठेवलं त्याला किडे पडले, ही गोष्ट त्यांनी मला जिन्यात थांबवून इतक्यांदा सांगितली आहे की आता मीच ती कीर्तनात सांगू शकेन. त्यांच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि काकूंची औषधं, एवढंच. नाताळच्या करंज्या दुपारपर्यंत इमारतभर वाटून संपतात. मी वर पाठवलेले बेसनाचे लाडू एकदा त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरून माझ्याच घरी आले, माझ्याच डब्यात.

मला कुतूहल एकाच गोष्टीचं. आपला आवाज खाली पोचतो, हे या माणसाला ठाऊक आहे की नाही? एकदा धीर करून विचारलंच, "काका, देवाला तुमचं इतकं नेमकं कसं हो ऐकू जातं?" ते कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हणालात, ताई?" मी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं असतं तर ते संकोचाने गप्प झाले असते, आणि मग काकूंना काय हवं-नको ते आम्हाला कोण सांगणार होतं?

गेल्या थंडीत काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं आणि इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कान देऊन होतो. डबा, गाडी, रात्रीची सोबत, रक्तसुद्धा, सगळ्याची तयारी होती. काका म्हणाले, "बापा, बाकी काही नको. तिला घरी आण." हे कुणाकडेच जास्तीचं नव्हतं. रोज तीच मागणी यायची आणि सेक्रेटरी काही न पुटपुटता नुसते चहा ढवळत राहायचे. मी देवधर्म फारसा करत नाही, पण कणीक मळता मळता माझ्याही तोंडून निघायचं, आण रे बाबा.

काकू आल्या नाहीत. माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काका खिडकीशी येतील असं मला वाटलं नव्हतं. इतकं मागून न मिळाल्यावर मी तरी आले नसते. पण ते आले. आवाज बसलेला होता, तरी आम्हाला ऐकू येत होता.

"बापा, आज मला काही मागायचं नाही. तिचं तेवढं सांगतो. चहात आलं जास्त लागतं तिला. गार वाऱ्याशी बसवू नकोस. आणि स्वतःहून ती काही मागायची नाही, तूच विचारत जा. आमेन."

सेक्रेटरी पातेलं हातात धरून उभे होते. मीही गॅस पेटवला नव्हता. यातलं काहीच आम्हाला नेऊन देता येण्यासारखं नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की काकांचं ऐकणारं आमच्याखेरीज आणखी कुणीतरी असावं.